नागपूरहून दूरच्या देशी कामानिमित्त जाताना: जेट लॅगचे नियोजन, टप्प्याटप्प्याने

मिहानमधील संगणक अभियंता न्यूयॉर्कच्या ग्राहकाला भेटायला निघतो, बुटीबोरीचा कारखानदार जर्मनीत यंत्र पाहायला जातो, संत्र्याच्या निर्यातीत उतरलेला बागायतदार फेब्रुवारीत बर्लिनला भरणाऱ्या फ्रूट लॉजिस्टिका या फळबाजाराच्या प्रदर्शनाला जाण्याचे ठरवतो. या तिघांचीही कागदपत्रे, तिकिटे, सादरीकरणे आणि नमुने यांची तयारी काटेकोर असते. पण लाखो रुपये खर्चून ज्या बैठकीसाठी जायचे, त्या बैठकीच्या वेळी आपले शरीर जागे असेल की मध्यरात्रीच्या अवस्थेत असेल, याचा हिशेब फार थोडे लोक करतात. हा हिशेब अवघड नाही. कागद, पेन्सिल आणि पंधरा मिनिटांचा निवांतपणा असला की तो घरीच मांडता येतो, आणि माझ्या मते तिकीट काढण्याच्या आधीच तो मांडायला हवा, कारण कोणते विमान घ्यायचे आणि कोणत्या दिवशी पोहोचायचे हेही त्यावरून ठरते.

आधी समजून घ्यायची गोष्ट

प्रवासाचा शीण आणि जेट लॅग या दोन वेगळ्या बाबी आहेत. शीण एका गाढ झोपेने जातो आणि तो नागपूर ते मुंबई रेल्वे प्रवासानेही येतो. जेट लॅग मात्र शरीराचे अंतर्गत घड्याळ आणि भिंतीवरचे घड्याळ यांच्यात पडलेल्या अंतरामुळे होतो. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस या भागात, पेशींचा एक छोटा पुंजका असतो. झोप, भूक, शरीराचे तापमान, पचन आणि अनेक संप्रेरके यांच्या रोजच्या चढउताराचे वेळापत्रक तो सांभाळतो आणि डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशावरून स्वतःला दररोज जुळवून घेतो. पेशींमधील हे घड्याळ नेमके कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या शास्त्रज्ञांना 2017 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बहुतेक माणसांचे हे घड्याळ 24 तासांपेक्षा किंचित लांब चालते. म्हणूनच उशिरा झोपणे आपल्याला सोपे जाते आणि लवकर झोपणे कठीण. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, तेव्हा शरीराला आपली वेळ पुढे ढकलायची असते, आणि ते काम ढोबळमानाने दिवसाला दीड तास या गतीने होते. पूर्वेकडे जाताना वेळ अलीकडे ओढावी लागते, ती गती दिवसाला सुमारे एक तासच असते. युरोपला गेलेला माणूस तीन दिवसांत सावरतो आणि ऑस्ट्रेलियाला गेलेला पाच दिवसांनंतरही सकाळी जड डोक्याने उठतो, याचे कारण हेच आहे.

पहिली पायरी: आपला नीचांक शोधावा

नागपूरकरांना हिवाळ्यात पारा नीचांकावर जाण्याची सवय आहे. शरीराच्या तापमानाचाही रोज एक नीचांक असतो, आणि तो आपल्या नेहमीच्या उठण्याच्या वेळेच्या सुमारे दोन ते तीन तास आधी येतो. गजर न लावता, सुटीच्या दिवशी आपण साडेसहाला उठत असू, तर आपला नीचांक पहाटे चारच्या आसपास आहे असे धरावे. या वेळेला लक्ष, निर्णयशक्ती आणि हातापायांची चपळाई सर्वांत कमी असते.

पुढचे सगळे नियोजन या एका वेळेवर उभे आहे. नीचांकाच्या आधीच्या काही तासांत डोळ्यांवर तेजस्वी प्रकाश पडला, तर शरीराला संध्याकाळ अजून संपलेली नाही असे वाटते आणि घड्याळ उशिराकडे सरकते. नीचांकानंतरच्या काही तासांत प्रकाश पडला, तर सकाळ झाली असे समजून ते लवकरच्या दिशेने सरकते. पश्चिमेला जाणाऱ्याला पहिला परिणाम हवा असतो, पूर्वेला जाणाऱ्याला दुसरा. चुकीच्या वेळी घेतलेले ऊन शरीराला उलट दिशेला नेते, आणि म्हणूनच पोहोचल्याबरोबर सकाळच्या उन्हात फिरावे हा सर्वांना सरसकट दिला जाणारा सल्ला अनेकांचे नुकसान करतो.

दुसरी पायरी: नीचांक तिथल्या वेळेत मांडावा

आता पहाटे चार ही भारतीय वेळ मुक्कामाच्या शहराच्या वेळेत बदलून घ्यावी. येथे उन्हाळी वेळेकडे लक्ष द्यावे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत येतात; युरोपात हेच मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घडते. मधल्या आठवड्यांत अमेरिका आणि युरोप यांच्यातील नेहमीचे अंतर बिघडलेले असते, त्यामुळे दोन्ही खंडांतील लोक ज्या बैठकीत आहेत तिची वेळ पुन्हा एकदा तपासून घ्यावी.

फेब्रुवारीत बर्लिन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणजे आपला नीचांक तेथे रात्री साडेअकराला येतो. संध्याकाळी साडेसहापासून डोळे मिटू लागतात आणि रात्री दोनला टक्क जाग येते. उपाय असा की संध्याकाळ भरपूर उजेडात, माणसांत आणि उभ्याने घालवावी, साडेनऊ ते दहापर्यंत नेटाने जागे राहावे, आणि रात्री दोनला जाग आली तरी दिवा लावू नये व मोबाइल हातात घेऊ नये. त्या वेळचा प्रकाश नीचांकानंतरचा असल्याने शरीराला नागपूरच्या वेळेकडे परत खेचतो.

न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते आणि नीचांक तेथे संध्याकाळी साडेपाचला येतो. उन्हाळी वेळेत साडेनऊ तासांचे अंतर असल्याने तो साडेसहाला येतो. येथे दुपारचा उजेड हेच औषध आहे. जेवणानंतर एक ते चारच्या दरम्यान, नेमकी सर्वांत जास्त झोप येत असताना, बाहेर पडून चालावे. सूर्य मावळल्यावर मात्र हॉटेलच्या खोलीत मंद दिवे ठेवावेत. रोज नीचांक दीड तासाने पुढे सरकतो असे धरले, तर चौथ्या दिवशी तो रात्री दहाच्या आसपास पोहोचतो आणि तेव्हापासून दिवस बऱ्यापैकी सुसह्य होतो.

टोकियोची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, त्यामुळे नीचांक सकाळी साडेसातला येतो. उन्हाळ्यात तेथे पहाटे साडेचारच्या सुमारास उजाडते. पडदे उघडे ठेवून झोपलेल्या प्रवाशाला नीचांकाच्या आधीचा तीन तासांचा प्रकाश मिळतो आणि तो आणखी उशिराच्या दिशेने ढकलला जातो. जाड पडदे ओढून झोपावे, साडेसातपूर्वी बाहेर पडणे भाग असेल तर गडद गॉगल लावावा, आणि आठनंतर मोकळ्या जागी चालावे. सिडनीत डिसेंबर ते मार्चदरम्यान हीच सीमा साडेनऊची असते.

सॅन फ्रान्सिस्को हा सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न आहे. अंतर साडेबारा किंवा साडेतेरा तासांचे असल्याने शरीर दोन्हीपैकी कोणत्याही दिशेने जाऊ शकते. माझा आग्रह असा की उशिराची दिशा निवडावी, कारण ती शरीराला सोपी आहे. हिवाळ्यात नीचांक दुपारी अडीचला येतो, म्हणून सकाळ ते दोनपर्यंत उजेडात राहावे आणि त्यानंतर पहिले दोन दिवस बाहेर गॉगल वापरावा.

तिसरी पायरी: जुळवून घ्यायचे की नाही, हे ठरवावे

तीन दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल, तर जुळवून घेण्याचा खटाटोप बहुधा निरर्थक ठरतो. शरीर अर्धे सरकते आणि तोवर परतीचे विमान येते. अशा वेळी शक्य तेवढे नागपूरच्या वेळेवरच राहावे आणि बैठका आपण जागे असलेल्या वेळेत मागून घ्याव्यात. न्यूयॉर्कला सकाळी नऊ वाजता आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. त्या वेळी डोके चालते, पण दुपारी तीनची बैठक आपल्या शरीरासाठी रात्री दीडची असते. तेव्हा करारावर सह्या, दराची घासाघीस आणि तांत्रिक तपासणी सकाळीच उरकावी. युरोपातही सकाळच उत्तम. जपान आणि ऑस्ट्रेलियात मात्र उलट आहे: तिथली सकाळी नऊची वेळ आपली पहाट असते, म्हणून दुपारनंतरच्या बैठका मागाव्यात. यजमानाला हे कारण स्पष्ट सांगण्यात काहीही कमीपणा नाही. दूरचा प्रवास करणाऱ्या लोकांना ते पटते.

चौथी पायरी: तारीख आणि तिकीट

आठवडाभराचा मुक्काम असेल, तर पहिल्या महत्त्वाच्या बैठकीच्या आधी एक पूर्ण दिवस आणि दोन रात्री हातात ठेवाव्यात. कंपनीच्या प्रवास विभागाला हॉटेलचा एक दिवसाचा खर्च जास्त वाटला, तर बैठकीचे महत्त्व लिहून कळवावे आणि हा दिवस आग्रहाने मागावा.

नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून दोहा आणि शारजा येथे थेट विमानसेवा आहे. अन्यथा मुंबई किंवा दिल्लीमार्गे जावे लागते. दोहामार्गे गेल्यास सामान नागपूरलाच सोपवता येते आणि मधला टर्मिनल बदलण्याचा त्रास वाचतो. मुंबईमार्गे जाताना नागपूर ते मुंबई आणि पुढचा प्रवास एकाच तिकिटावर आहे ना, हे पाहावे. तिकिटे वेगळी असतील, तर पहिले विमान उशिरा आल्यास दुसऱ्या विमान कंपनीची कोणतीही जबाबदारी राहत नाही. डिसेंबर आणि जानेवारीत दिल्लीत दाट धुके पडते आणि पहाटेच्या उड्डाणांना विलंब होतो, त्यामुळे त्या दोन महिन्यांत मी दिल्लीपेक्षा मुंबई किंवा दोहा सुचवेन.

मुंबईहून निघणारी बहुतेक लांब पल्ल्याची विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. दुपारी नागपूर सोडून रात्रभर विमानतळावर ताटकळण्याऐवजी, शक्य असल्यास दुपारी दोन तास झोप घेऊन संध्याकाळच्या विमानाने मुंबई गाठावी. समृद्धी महामार्ग झाल्यापासून 701 किलोमीटर स्वतः गाडी चालवत मुंबईला जाऊन विमान पकडण्याचा विचार काही जण करतात. तो करू नये. लांब उड्डाणाच्या आधीच थकून जाण्यात काही मिळकत नाही, आणि परतीच्या दिवशी हाच विचार जिवावर बेतू शकतो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात: पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी, आणि शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांना चालणाऱ्या सामाईक व्हिसासाठी, किमान 30,000 युरोचे वैद्यकीय विमा संरक्षण लागते.

पाचवी पायरी: निघण्यापूर्वीचे तीन दिवस

पश्चिमेला जायचे असेल, तर रोज अर्धा ते एक तास उशिरा झोपावे आणि उशिरा उठावे. पूर्वेला जायचे असेल, तर उलट. अनेकांची सेमिनरी हिल्सवर किंवा अंबाझरीच्या काठाने पहाटे फिरण्याची पद्धत असते. जपान, सिंगापूर किंवा ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्याने ती अवश्य ठेवावी, किंबहुना रोज थोडी लवकर करावी. युरोप किंवा अमेरिकेला निघालेल्याने मात्र ते तीन दिवस पहाटेचा फेरफटका सोडून संध्याकाळी फुटाळ्यावर जावे, कारण पहाटेचा प्रकाश त्याला नको त्या दिशेने नेतो. तीन दिवसांत दीड-दोन तासांचा फरक जरी कापला गेला, तरी मुक्कामाचा एक पूर्ण दिवस वाचतो.

घरच्यांना हे आधी समजावून सांगावे, नाहीतर सामान भरण्याच्या धांदलीत झोपच अपुरी होते. मी तर म्हणेन की वेळ सरकवणे जमले नाही तरी चालेल, पण झोपेची उधारी घेऊन विमानात चढू नये. बॅगा निघण्याच्या दोन दिवस आधी भराव्यात.

याच दिवसांत डॉक्टरांची भेट घ्यावी. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे टाळूच नये: पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, पूर्वेला जाताना आखूड होतो, आणि त्या मधल्या दिवसाचे डोस कोणत्या वेळी किती घ्यायचे हे लेखी घ्यावे. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवावे, कारण विमानाच्या पोटातील सामानात ते गोठून निकामी होऊ शकते. पायात पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा गर्भावस्था असेल, तर दाब देणाऱ्या मोज्यांबद्दल विचारावे.

औषधे मूळ वेष्टनात, इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. कोडीन आणि ट्रामाडॉल हे वेदनाशामक घटक असलेल्या औषधांवर संयुक्त अरब अमिरातीत कडक निर्बंध आहेत, आणि तेथे खसखससुद्धा निषिद्ध आहे. शारजामार्गे जाणाऱ्याने अनारसे किंवा खसखस घातलेले लाडू बरोबर नेऊ नयेत. ताजी संत्री ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिकेत नेता येत नाहीत. संत्रा बर्फीसारख्या दुधाच्या मिठाईबद्दल त्या त्या देशाचा नियम आधी पाहावा, आणि नेल्यास सीमाशुल्क अर्जात ती नोंदवावी.

सहावी पायरी: विमानात

विमानातील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो आणि आर्द्रता बहुधा 20 टक्क्यांच्या खाली असते. दाब कमी झाल्याने पोटातील वायू फुगतो. निघण्याच्या रात्री सावजी रस्सा किंवा तर्री पोहे हे कितीही मनापासून आवडत असले, तरी त्यांना परतीनंतरच्या दिवसासाठी राखून ठेवावे, आणि वरण-भात किंवा खिचडी असे हलके खाऊन निघावे. शाकाहारी किंवा जैन जेवण साधारणपणे किमान 24 तास आधी नोंदवावे लागते.

विमानात बसल्यावर तिथली वेळ लावावी आणि तिथल्या रात्रीशी जुळणाऱ्या तासांत मुख्य झोप घ्यावी. याला एक अपवाद आहे. उड्डाण पहाटेचे असेल आणि आपण रात्रभर जागलेले असू, तर आधी चार तास झोपावे, हिशेब नंतर करावा. विमानतळावरच खाऊन घेतले, तर उड्डाणानंतरच्या जेवणासाठी जागे राहावे लागत नाही. सीटचा पट्टा पांघरुणावरून दिसेल असा बांधावा, म्हणजे तो तपासायला कर्मचारी झोपमोड करत नाहीत. डोळ्यांवरची पट्टी आणि कानातले बोळे जवळ असावेत.

मद्याने झोप लवकर लागते, पण ती तुटक आणि उथळ होते, म्हणून ते टाळावे. झोपेच्या गोळीबद्दलही माझे मत ठाम आहे: विमानात घेऊ नये. बसल्या जागी अनेक तास निपचित राहिल्याने पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो. जागे असताना दर तासा-दोन तासांनी उठून चालावे, बसल्या बसल्या टाचा आणि चवडे उचलावेत. या कारणासाठी मला खिडकीपेक्षा मधल्या वाटेलगतची सीट बरी वाटते.

सातवी पायरी: पोहोचल्यावरचे पहिले दोन दिवस

सकाळी पोहोचलात, तर आंघोळ करून कपडे बदलावेत आणि उजेडाचे वेळापत्रक लगेच सुरू करावे. डुलकी घ्यायचीच असेल, तर वीस ते तीस मिनिटांची, गजर लावून आणि दुपारी तीनच्या आत घ्यावी. रात्री निदान चार तास सलग झोप तिथल्या रात्रीत पडेल याची काळजी घ्यावी. उरलेली कसर दुपारच्या डुलकीने भरता येते. पहिल्या दिवशी भाड्याची गाडी स्वतः चालवू नये, विशेषतः जेथे उजव्या बाजूने वाहतूक चालते तेथे.

चहा आणि कॉफी यांचा उपयोग दुपारी दोनपर्यंतच करावा. रक्तातील कॅफिन निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाचा कप रात्री अकरालाही शरीरात अर्धा शिल्लक असतो. जेवण तिथल्या वेळेला करावे, भूक नसली तरी थोडेसे.

मेलाटोनिन हे अंधार पडल्यावर शरीरात स्रवणारे संप्रेरक गोळीच्या रूपात मिळते. पूर्वेकडच्या प्रवासात तिथल्या झोपण्याच्या वेळी घेतलेली अर्धा ते पाच मिलिग्रॅमची मात्रा अनेकांना उपयोगी पडते. चुकीच्या वेळी घेतली तर ती उलट दिशेने काम करते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि अपस्मार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. पहिली गोळी परदेशात नव्हे, तर घरी, सुटीच्या आदल्या रात्री घेऊन पाहावी. ब्रिटनमध्ये ती चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

आठवी पायरी: परत आल्यावर

परतीचा हिशेब जवळपास कोणीच करत नाही, आणि अमेरिकेहून परतणे हे जाण्यापेक्षा जड असते, कारण आता दिशा पूर्वेची आहे. न्यूयॉर्कला पाच-सहा दिवस राहिलेल्या माणसाचा नीचांक तिथल्या मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास आलेला असतो. हिवाळ्यात ती नागपूरची सकाळी साडेअकराची वेळ आहे. म्हणून पहिले दोन दिवस सकाळी घरात, मंद उजेडात राहावे, बाहेर जाताना गॉगल लावावा, आणि दुपारनंतर उजेडात जावे. नंतर रोज ही सीमा एक तासाने अलीकडे आणावी. मे महिन्यात, पारा 45 अंशांकडे जात असताना, दुपारी उन्हात उभे राहण्याची गरज नाही. गॅलरीतील किंवा झाडाखालच्या सावलीतला उजेडही खोलीतील दिव्यांपेक्षा कितीतरी पटींनी तेजस्वी असतो आणि तो पुरेसा आहे. बर्लिनहून परतलेल्याची गोष्ट सोपी: तिथल्या वेळेत रुळलेल्या माणसाचा नीचांक नागपुरात सकाळी साडेआठला येतो, म्हणून त्याने नऊनंतर बाहेर पडावे.

मुंबईला उतरल्यावर समृद्धी महामार्गाने स्वतः गाडी चालवत येऊ नये. सरळ, एकसुरी रस्ता आणि आठ-दहा तासांनी मागेपुढे झालेले शरीर हे एकत्र आले की डोळा कधी लागला ते कळत नाही. विमान किंवा रेल्वे घ्यावी, नाहीतर झोप झालेला चालक ठेवावा. सोनेगावहून घरी जातानाही दुचाकी विमानतळावर ठेवलेली असली, तरी ती दुसऱ्या दिवशी आणावी. कार्यालयात रुजू होण्याची तारीख निघण्यापूर्वीच एक दिवस पुढची कळवून ठेवावी, आणि पहिल्या आठवड्यात सकाळच्या पाळीतील यंत्रावरचे किंवा गाडी चालवण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवावे.